कुपवाडचा काळा एफआरपी बेंड: राखेच्या पाण्याच्या लाईनवर एक गळीत हंगाम वापरल्यानंतर

बगॅस (उसाचं चिपाड) जाळणाऱ्या बॉयलरच्या वेट स्क्रबरमधून, म्हणजे धुरातली राख पाण्यानं धुऊन काढणाऱ्या यंत्रातून, राखेचं पाणी नेणारी लाईन तुमच्याकडं असेल आणि तिचे बेंड हंगामाच्या मधेच भोकं पडून गळत असतील, तर कुपवाड एमआयडीसीत हातानं तयार होणारा, सिलिकॉन कार्बाइडचे कडक दाणे भरलेला एफआरपी (काचेचे धागे आणि रेझिन म्हणजे राळ यांचा) बेंड बिनधास्त घ्या. पैसे वसूल होतात. तोच बेंड गरम धुराच्या डक्टला लावायचा विचार असेल तर घेऊ नका. आणि 'फिलर (रेझिनमध्ये मिसळलेली पावडर) किती टक्के' एवढं एकच विचारून दर ठरवणार असाल तर कुठल्याच वर्कशॉपचा घेऊ नका.

मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. खरेदीच्या कागदावर माझी सही असते, म्हणून कारखान्याचं किंवा वर्कशॉपचं नाव इथं टाकत नाही. वर्कशॉपच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आधी लाईन समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. सहा इंची पाईप. स्क्रबरच्या तळातलं राखेचं पाणी पंपावर येतं आणि तिथून सेटलिंग टाकीकडं चढतं. तासाला साधारण दीडशे घनमीटर, म्हणजे पाईपात सेकंदाला सव्वादोन मीटर वेग. पाण्याचं तापमान पन्नास-पंचावन्न अंश. वाटेत नव्वद अंशांची वळणं आहेत, त्यातल्या पंपानंतरच्या पहिल्या दोन वळणांनी आमचा जीव खाल्ला होता. शेड्यूल ४० (पाईपाच्या जाडीचा ठरलेला वर्ग) चा लोखंडी बेंड, जाडी ७.११ मिलिमीटर. मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या, आधी नवाकोरा बसवला तरी जानेवारी सरता सरता बाहेरच्या वळणावर ओलसर डाग दिसायचा. डाग दिसला की धार लागायला वेळ लागत नाही. मग रात्रपाळीचा वेल्डर पत्र्याचा तुकडा घेऊन त्या चिखलात बसणार, पॅचवर पॅच मारणार, आणि मार्चपर्यंत मूळ बेंड कुठं आणि पॅच कुठं हे ओळखायला येणार नाही. पंप बंद ठेवायचा म्हणजे स्क्रबरचं पाणी वळवायचं, आणि ते वळवलेलं पाणी कुठं जातं यावरून प्रदूषण नियंत्रणाचे प्रश्न वेगळेच.

राख म्हणजे पावडर, ती लोखंडाला काय खाणार, असं ऑफिसमधली माणसं म्हणतात. बगॅसची राख मुळात सिलिकानं भरलेली असते, कारण ऊस जमिनीतून सिलिका उचलतो. त्यात शेतातली माती मिसळते. नदीकाठच्या गाळाच्या रानातला ऊस, पावसात तोडलेला ऊस, हार्वेस्टरनं तोडलेला ऊस, या सगळ्यांबरोबर माती जास्त येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बुडालेला ऊस गाळपाला आला, तेव्हाची राख चिमटीत चोळली तर बारीक वाळूच लागायची. क्वार्ट्झ वाळूचा कडकपणा मोहस या एक ते दहाच्या मापावर ७. साधं लोखंड त्याच्या बरंच खाली. काचेचा धागासुद्धा साडेपाच-सहाच्या आसपास, म्हणजे वाळू काचेलाही ओरखडते. शिवाय लोखंडाला गंज धरतो, राख तो गंज धुऊन नेते आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा गंजायला मोकळं होतं. झीज आणि गंज एकमेकांना हात देत पुढं सरकतात. राखेच्या पाण्यावर लोखंड एवढं लवकर जातं ते यामुळं.

म्हणून अगोदर आम्ही बाहेरच्या एका पुरवठादाराकडून साधा एफआरपी बेंड मागवून पाहिला होता. गंजत नाही, हलका आहे, स्वस्त आहे. 'चाळीस टक्के मिनरल फिलर, अँटी-अब्रेशन' असं कोटेशनमध्ये ठळक लिहिलेलं. सोबत एएसटीएम जी ७६ या झिजेच्या प्रमाणित चाचणीचा कागद. बेंड लोखंडाच्याही आधी गेला.

तो बेंड मी उभा कापायला लावला. इथं जे दिसलं ते एफआरपी घेणाऱ्या प्रत्येकानं एकदा बघावं. आतल्या बाजूला, वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर, हाताच्या पंजाएवढा पट्टा पांढरा पडलेला. बोट फिरवलं तर रेशमासारखे बारीक तंतू उभे राहिलेले. रेझिन निघून गेलेलं आणि काचेचे धागे उघडे पडून वाकलेले, काही मोडलेले. झीज अशीच होते: कण आधी मऊ रेझिन खरवडतात, धाग्याचा आधार जातो, मग आधार नसलेला धागा वाकून तुटतो, आणि तुटला की खालच्या थराचं रेझिन उघडं पडतं. कापलेल्या कडेला भिंग लावलं तर थराथरांत बारीक बुडबुडे दिसत होते, आणि मधेमधे पांढऱ्या पावडरीचे गोळे, ज्यांच्यापर्यंत रेझिन पोचलंच नव्हतं. नखानं उकरलं तर कोरडी पावडर बाहेर. चाळीस टक्के फिलर खरंच होतं. तेच त्या बेंडाच्या मुळावर आलं.

त्या कागदाबद्दलही सांगायला हवं, कारण असे कागद सगळीकडं फिरतात. जी ७६ ही कोरड्या हवेच्या झोताची चाचणी आहे. दीड मिलिमीटर व्यासाच्या नळीतून पन्नास मायक्रॉनची टोकदार अल्युमिना सेकंदाला तीस मीटर वेगानं, दहा मिलिमीटर अंतरावरून, सरळ नव्वद अंशात तुकड्यावर मारतात. प्रयोगशाळेत दोन पदार्थांची तुलना करायला ती उत्तम आहे. आमच्या लाईनमध्ये पाणी आहे, वेग सव्वादोन मीटर आहे, आणि कण भिंतीला नव्वद अंशात कधीच लागत नाहीत. त्या कागदावरून आमचा बेंड किती टिकेल हे कुणालाच सांगता येणार नाही.

कोनाचा मुद्दा मला अण्णांनी पहिल्या भेटीत समजावला, आणि माझा विश्वास बसला तो तिथंच. मी दर विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "दर नंतर सांगतो साहेब, आधी तुमच्या बेंडचा रेडियस सांगा." मग पाण्याचा वेग, तापमान, राखेची मूठभर पिशवी, जुना बेंड कुठल्या जागी फुटतो त्याचा फोटो. आजवर मला कुठल्याही पुरवठादारानं राख मागितली नव्हती. त्यांच्याकडं सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून शिकलेला एक तरुण इंजिनिअर आहे, त्यानं कागदावर बेंड काढून दाखवला.

१९६० साली इयान फिनी यांनी कणांच्या माऱ्यानं होणाऱ्या झिजेचं गणित मांडलं, तेव्हापासून हे माहीत आहे की लोखंडासारखा लवचिक धातू सर्वात जास्त झिजतो तो वीस-तीस अंशांच्या तिरक्या माऱ्यानं. कण फाळासारखा घुसतो आणि चिरत जातो. काचेसारखे ठिसूळ पदार्थ सरळ नव्वद अंशांच्या ठोक्यानं जास्त जातात, कारण तिथं तडे पडतात. काच आणि इपॉक्सी (रेझिनचा एक प्रकार) यांचा एफआरपी या दोघांच्या मधे बसतो. त्याची सर्वात जास्त झीज बहुतेक वेळा पंचेचाळीस ते साठ अंशांच्या दरम्यान सापडते.

आता बेंडाची भूमिती घ्या. बाजारात मिळणारा लाँग रेडियस एल्बो (तयार बेंड) म्हणजे दीड डी, म्हणजे वळणाची त्रिज्या पाईपाच्या मापाच्या दीडपट, सहा इंचीला २२९ मिलिमीटर त्रिज्या. पाईपाच्या मधोमध सरळ आलेला कण बाहेरच्या भिंतीला सुमारे ४१ अंशांनी लागतो. त्रिज्या तीन डी केली, म्हणजे ४५७ मिलिमीटर, की तोच कोन ३१ वर येतो. पाण्यात कण प्रवाहाबरोबर थोडे वळतात, म्हणून प्रत्यक्ष कोन याहून कमी, पण दिशा तीच. लोखंडासाठी ३१ अंश म्हणजे वाईट जागेच्या अगदी जवळ जाणं. एफआरपीसाठी मात्र वाईट जागेपासून दूर जाणं. पदार्थ बदलला की बेंडाचा आकारही बदलायला हवा. लोखंडी एल्बो काढून त्याच मापाचा एफआरपी एल्बो घालणं म्हणजे निम्मा फायदा सोडून देणं. अण्णांनी दीड डीचा बेंड करून द्यायला चक्क नकार दिला. "पाईप कापा, नाहीतर दुसरीकडून घ्या." दोन्ही बाजूंनी पाईप २२८ मिलिमीटर कापायचं काम ओव्हरहॉलिंगमध्ये आमच्या तात्या फिटरनं केलं. कुरकुर केली, पण मापाला माप काम केलं.

फिलरचं आता. अण्णांच्या बेंडाला काळा बेंड म्हणतात कारण आतली भिंत काळपट करडी, सिलिकॉन कार्बाइडच्या दाण्यांची. सिलिकॉन कार्बाइड मोहसवर नऊच्या वर, अल्युमिना नऊ. दोन्ही आमच्या वाळूपेक्षा बरेच कडक, त्यामुळं वाळूला त्यांना ओरखडता येत नाही. पण दाणा कितीही कडक असला तरी तो रेझिनमध्ये धरून ठेवलेला असतो. वाळू दाण्याला सोडून शेजारचं रेझिन खाते आणि दाणा सुटून निघून जातो, मागं खड्डा. म्हणून दोन गोष्टी लागतात. दाण्याला रेझिन घट्ट चिकटावं यासाठी सायलेन (दाणा आणि रेझिन जोडणारं रसायन) लावलेला दाणा. आणि दोन मापांचे दाणे, जाड आणि बारीक, म्हणजे जाड दाण्यांमधल्या फटीत बारीक बसतात आणि राखेच्या कणाला रेझिनपर्यंत जायला जागाच राहत नाही.

मग हे दाणे सगळ्या जाडीत का नाही भरायचे? काचेच्या धाग्यांच्या मॅटमधून रेझिन आरपार झिरपायला हवं. फिलर जास्त घातलं की रेझिन घट्ट होतं, मॅट गाळणीचं काम करते, दाणे वर राहतात आणि आत बुडबुडे अडकतात. थोड्या प्रमाणात फिलर घातलं की झीज कमी होते, एका मर्यादेपुढं घातलं की पुन्हा वाढते, आणि ती मर्यादा प्रत्येक रेझिन-फिलरच्या जोडीला वेगळी. राउरकेलाच्या एनआयटीत फ्लाय ॲश, अल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, अगदी अल्युमिनियम कारखान्यातली लाल माती भरलेल्या काच-पॉलिएस्टरवर बरंच काम झालेलं आहे. फिलरनं कडकपणा वाढला तरी ताणाची ताकद बहुधा घटते, हेही अशा कामांतून दिसलेलं आहे. म्हणून अण्णांची भिंत दोन भागांत असते. आतले पाच मिलिमीटर काळा थर, दाण्यांनी खच्चून भरलेला, त्यात काच नावापुरती. त्यामागं नऊ मिलिमीटर काच-इपॉक्सी, त्यात फिलर जवळपास नाही, कारण दाब आणि वजन पेलायचं काम त्या भागाचं. झिजायचं काम एकाचं, ताकदीचं दुसऱ्याचं. या दोन्हींच्या मधे त्यांनी रंगद्रव्य घातलेला एक पातळ लाल थर दिलाय. आत बॅटरी मारली आणि लाल दिसलं तर बेंड बदलायची वेळ झाली. एवढ्या साध्या सोयीसाठी मी त्यांना मनापासून दाद देतो.

वर्कशॉपमध्ये काम कसं चालतं ते मी उभं राहून पाहिलं. इपॉक्सीची घनता १.१-१.२, सिलिकॉन कार्बाइडची ३.२. बादलीत मिसळलं की दाणे खाली बसायला लागतात, आणि अर्धी बादली संपेस्तोवर वर नुसतं रेझिन, खाली नुसती खडी. तिथं एक पोरगं फक्त बादली ढवळायला होतं. दुसरं काहीच काम नाही त्याला. मधेच त्याचा फोन वाजला तर अण्णा आतून ओरडले, "हात थांबवू नको रं, बेंड लागंल साहेबांच्या पाईपाला, तुझ्या फोनला न्हाई!" मिश्रणात एरोसिल (अतिबारीक सिलिका पावडर) घालून ते दह्याएवढं घट्ट करतात, म्हणजे उभ्या भिंतीवरून ओघळत नाही. साच्यावर काळा थर लावून झाला की तो चिकट असतानाच वरची मॅट बसवतात, कारण पूर्ण वाळल्यावर लावली तर दोन थर पुढं सुटतात. मग खाचांच्या लोखंडी रोलरनं दाबून दाबून हवा काढतात. रोलर फिरला की मॅटमधून बारीक बुडबुडे वर येऊन फुटताना दिसतात, आणि ते यायचे थांबेपर्यंत रोलर थांबत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मला वाटलं ते भट्टीचं काम. नुसत्या हवेवर वाळवलेलं इपॉक्सी बऱ्याचदा पन्नास-साठ अंशांवरच मऊ पडायला लागतं. आमचं पाणीच पंचावन्न अंश. म्हणजे बाहेरून कडक दिसणारा बेंड चालू लाईनवर मऊ होणार आणि दाणे सोडून देणार. अण्णांकडं पत्र्याची हीटरवाली खोली आहे, त्यात बेंड ऐंशी अंशांवर काही तास ठेवतात. विजेचं बिल लागतं म्हणून ही पायरी गाळणारे खूप आहेत, आणि बेंड बघून ती गाळलीय हे कळत नाही. मी बारकोल कडकपणा (पृष्ठभागात टोक दाबून मोजतात तो) समोर मोजून घेतला. तुम्हीही घ्या. यंत्र हातात मावतं, दोन मिनिटांचं काम आहे.

आमच्या चीफ साहेबांनी एक सूचना केली होती: आपल्याकडं बगॅसची राख फुकट पडलीय, तीच फिलर म्हणून वापरली तर? कल्पना चांगली आहे, भाताच्या तुसाची राख आणि बगॅसची राख फिलर म्हणून अभ्यासलीही जाते. अण्णांनी आमच्याच पिशवीतली चिमूटभर राख रेझिनच्या थेंबात टाकून दाखवली. थेंब शोषला गेला. राखेत न जळालेला कोळसा असतो, तो सच्छिद्र, रेझिन पिऊन टाकतो. आणि जी वाळू भिंतीवर आदळणार तीच भिंतीत भरली तर कडकपणाचा फायदा शून्य. पत्र्याऐवजी वापरायच्या शेडच्या शीटला चालेल, इथं नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. पहिली म्हणजे फ्लँज, बोल्टनं जोडायची रुंद कड. एका बेंडाच्या फ्लँजची बोल्टची भोकं किंचित सरकलेली आली. तात्यानं सवयीनं पान्याला पाईप लावून ओढायला घेतलं, मी थांबवलं. एफआरपीच्या फ्लँजला असं ओढलं की मुळाशी बारीक तडा जातो आणि तो दिसत नाही. भोक घासून वाढवावं लागलं. ड्रिलिंगला जिग वापरत असतील तर हे व्हायला नको होतं, आणि हे मी अण्णांना तोंडावर सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, पुढच्या बेंडांना लोखंडी सैल फ्लँज मागं घालून देतो म्हणाले. बोल्टखाली रुंद वॉशर, पूर्ण तोंडाचं रबर गॅस्केट आणि टॉर्क रेंच, हे तिन्ही लागतंच, याची चिठ्ठी बेंडाबरोबर यायला हवी. आमच्या बेंडाबरोबर आली नाही.

दुसरी, वेळ. दिलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर माल मिळाला. हातकाम आहे, भट्टी एकच आहे, आणि दसऱ्याच्या आसपास सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्यांची कामं एकदम येतात. बॉयलर पेटवायच्या महिनाभर आधी बेंड हातात हवा असेल तर ऑर्डर मे महिन्यात द्या.

तिसरी गोष्ट वर्कशॉपची चूक नाही, पदार्थाचा स्वभाव आहे. रात्री दोन वाजता काही झालं तर वेल्डर बोलावता येत नाही. इपॉक्सी पुट्टी लावायची तर जागा कोरडी हवी, खरवडलेली हवी, आणि वाळायला वेळ हवा. वाहत्या पाण्यात यातलं काहीच जमत नाही. म्हणून एक बेंड शिल्लक ठेवणं भागच आहे, आणि तो धरून हिशोब करा. किंमत लोखंडी बेंडाच्या चौपटीहून थोडी वर पडते.

हंगाम संपल्यावर बेंड उतरवले. इथं एक सावधगिरी. जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र स्टीलवर सेट केलेलं असतं. स्टीलमध्ये आवाज सेकंदाला ५९०० मीटरच्या आसपास धावतो, काच-इपॉक्सीत त्याच्या निम्म्यानं. स्टीलच्या सेटिंगवर लावलं तर बेंड आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट जाड दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त राहाल. दाण्यांनी भरलेल्या थरात तर आवाज विखुरतो, आकडा स्थिरच होत नाही. आम्ही सरळ मोठ्या कॅलिपरनं मोजलं. नवी भिंत १४ मिलिमीटर. सर्वात झिजलेल्या जागी, आत शिरल्यावर अर्ध्या वळणाच्या जरा अलीकडं, साडेबारा. लाल थर अजून कुठंच दिसला नव्हता. पंपानंतरच्या पहिल्या बेंडाची ही गत, दुसऱ्याची याहून बरी.

आत हात घालून पाहिलं. कोरा बेंड आतून गुळगुळीत होता, कारण साच्याला लागून रेझिनचा पातळ पापुद्रा असतो. तो गेला होता. बोटाला पॉलिश पेपरसारखी एकसारखी खरखर, दाण्यांचे माथे वर आणि मधलं रेझिन किंचित खाली गेलेलं. धागा कुठंही उघडा नाही, पांढरा पट्टा नाही. एका ठिकाणी मात्र नखाएवढा खड्डा होता. बहुतेक तिथं बुडबुडा राहिला असावा आणि पापुद्रा गेल्यावर उघडा पडला. खड्ड्याच्या पुढच्या काठावर झीज जास्त दिसत होती, प्रवाह तिथं भोवरा घेतो. अण्णांकडं नेला, त्यांनी खरवडून भरून परत दिला, पैसे घेतले नाहीत.

दोन्ही तोंडांच्या फ्लँज सारख्या असल्यानं येत्या हंगामात तोच बेंड उलटा फिरवून बसवणार आहे, आत येणारं तोंड बाहेर. झिजलेली जागा मग वळणाच्या दुसऱ्या अर्ध्यात जाते आणि न झिजलेला भाग माऱ्याखाली येतो. दीड डीच्या एल्बोतही हे करता येतं, पण तीन डीत जागा जास्त असल्यानं फायदा जास्त.

दुसरे पर्याय नाहीत असं नाही. कास्ट बेसॉल्टचं (वितळवून ओतलेल्या काळ्या दगडाचं) अस्तर याहून नक्कीच जास्त टिकतं, पण वजन एवढं की आमच्या आधाराच्या ब्रॅकेट बदलाव्या लागल्या असत्या आणि बसवायला चेन ब्लॉक. सिरॅमिक टाइल्सचं अस्तर महाग, आणि एक टाइल निखळली की तिच्या मागचं लोखंड आठवड्यात जातं. रबराचं अस्तर सरळ ठोक्याला चांगलं, तिरक्या, टोकदार कणांनी ते चिरत जातं, आणि कडेनं सुटलं की लाईनमध्येच गोळा होऊन अडकतं. काळा बेंड दोन माणसं उचलून बसवतात. पाईप उंचावरून जातोय आणि खाली क्रेन नेता येत नाही, अशा जागी हा मुद्दा दरापेक्षा मोठा ठरतो.

आणि वेग. कुठलाही बेंड घ्या, वेगापुढं त्याचं काही चालत नाही. झीज वेगाच्या साधारण अडीच ते तीन घातानं वाढते. कुणी सुचवलं की पाच इंची पाईप स्वस्त पडतो, तर गणित करून दाखवा: त्याच पाण्याला वेग १.४४ पट, झीज अडीच ते तीनपट. उलट पाईप फार मोठा केला तर वेग पडून राख तळाला बसते आणि लाईन चोक होते. आमच्या राखेला दोन ते सव्वादोन मीटर ठीक चाललंय.

गरम बाजूला नको असं वर म्हटलं, त्याचं कारण आता लक्षात आलंच असेल. आयडी फॅनकडं (धूर चिमणीकडं ओढणाऱ्या पंख्याकडं) जाणारा धूर दीडशे अंशांच्या आसपास असतो. इपॉक्सी तिथं टिकणार नाही, मग आत कितीही सिलिकॉन कार्बाइड भरा. एका शेजारच्या कारखान्यातल्या मित्रानं 'एवढा चांगला आहे तर डक्टच्या एल्बोला लावू' म्हणून फोन केला होता, त्यालाही हेच सांगितलं. पंपाच्या इंपेलरलाही नको. तिथं वेग कित्येक पट, कोन क्षणाक्षणाला बदलणारा, आणि कड पातळ. त्याला कडक क्रोमचं ओतीवच बरं.

ऑर्डर देताना कागदावर एवढं लिहून घ्या: त्रिज्या तीन डी, आतला थर किती मिलिमीटर आणि त्यात काच किती, दाणा सायलेन लावलेला की साधा, भट्टीचं तापमान आणि तास, बारकोल तुमच्यासमोर, आणि लाल थर. फिलरचा टक्का विचारलात तरी हरकत नाही, पण तो कुठल्या थरातला टक्का हे विचारा. कुपवाडमध्येच दुसऱ्या एका ठिकाणी मी हेच प्रश्न विचारले तर उत्तर मिळालं, "साहेब, माल एकदम हेवी देतो." तिथून परत आलो.

यंदा पंपाच्या डिलिव्हरीवरच्या रिड्यूसरला (पाईपाचा व्यास बदलणाऱ्या जोडाला) आणि टाकीत पडणाऱ्या शेवटच्या तोंडाला काळा थर करून घेतोय. रिड्यूसरच्या अरुंद बाजूला वेग जास्त असतो, त्यामुळं तिथं अण्णांनी आतला थर पाचऐवजी आठ मिलिमीटर सुचवला आहे. लोखंडी सैल फ्लँज आणि टॉर्कची चिठ्ठी या दोन्ही गोष्टी ऑर्डरमध्ये लिहून घेतल्यात. पुढच्या एप्रिलमध्ये कॅलिपर लावला की आकडे याच ठिकाणी टाकेन.